नट बदलला तर पात्रही बदलू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

येथील एका कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या लघुपटात मी वडिलांचे काम केले. ‘मंजूर पटकथा आणि पडद्यावरचे पात्र जुळत नाही’ म्हणून त्या पोरांचे गुण कापले गेले. मला ते अजिबात पटलेले नाही.

मूळ पटकथेतले वडील मराठीचे निवृत्त मास्तर. ते काम करणाऱ्या मुरलेल्या हौशी नटाला मालिकेच्या तारखा आल्या आणि ऐन वेळी त्यांनी काम सोडले. त्यांना दोष नाही, पोटाचा प्रश्न आहे. रिप्लेसमेंट म्हणून पोरांनी मला धरले. मी एसटीचा निवृत्त कंडक्टर, बोलणे कागलकडचे. आधी मास्तरांचीच वाक्ये दिली. पाठ झाली, पण तोंडात बसेनात.

मग दिग्दर्शन करणारी मुलगी घरी आली. ‘काका, ड्यूटीवरचं सांगा,’ म्हणाली. वे-बिल म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणे, मुक्कामी गाडीवर परगावी काढलेल्या रात्री, सगळे तिने लिहून घेतले. मास्तर गेले, कंडक्टर आला. पुस्तकांचे कपाट हलवून तिथे खाकी गणवेश टांगला. पटकथेतली मुलगी मुंबईला निघते तिथे बापाचे पानभर भाषण होते, ते काढले. आता बाप तिला तिकिटापुरते सुटे पैसे मोजून देतो आणि मोजलेले पुन्हा मोजतो. आईचे काम करणाऱ्या बाई त्याच राहिल्या, पण त्यांचेही पात्र बदलले. रोज संध्याकाळी घरी येणाऱ्याची बायको वेगळी, मुक्कामी गाडीवाल्याची वेगळी. ‘आज घरात हायसा, का मुक्काम?’ एवढ्या एका वाक्यात तिचा संसार कळतो. तिचा आधी झालेला सीन पुन्हा घ्यावा लागला. कॅमेऱ्याचे वाढीव भाडे पोरांनी वर्गणी काढून भरले.

परीक्षकांचे म्हणणे, नट पात्राच्या मापाचा शोधायचा असतो. पात्र सगळ्यांच्या ओळखीचे असेल तर नटाने त्याच्या मापाचे व्हावे, हे मला मान्य. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा दादासाहेब फाळक्यांनी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना उभे केले. तिथे साळुंक्यांनाच तारामती व्हावे लागले, कारण ती घराघरांत माहीत होती. पोरांनी मागच्या सत्रात स्वतः लिहिलेला बाप काही पुराणातला नाही. त्याला बदलायचा हक्क त्यांचाच.

कॉलेजांना विनंती आहे, पटकथा मंजूर करतानाच पात्राचा गाभा लिहून घ्या. इथे तो होता, मुलीला अडवायचे नाही आणि ‘जा’ म्हणायलाही जीभ रेटत नाही असा बाप. तो शेवटपर्यंत टिकला का, एवढे तपासा. धंदा, बोली, कपडे नटाप्रमाणे बदलू द्या. काय बदलले, का बदलले, याचे टिपण मागा आणि त्यालाही गुण ठेवा. दिग्दर्शन करणाऱ्या मुलीने फेरतपासणीचा अर्ज दिला आहे. निकाल देण्यापूर्वी परीक्षकांनी दोन्ही पटकथा शेजारी ठेवून लघुपट पुन्हा एकदा पाहावा.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, कोल्हापूर