विहिरींतील आकडे पाहिल्याशिवाय 'नैसर्गिक शुद्धी' मान्य करू नये

महोदय,

कारखान्यांतील रसायनांनी दूषित झालेले भूजल काही वर्षांत आपोआप शुद्ध होते, असे अलीकडे ठामपणे सांगितले जाते. यंत्रांच्या सुट्या भागांवरील ग्रीस काढणारे ट्रायक्लोरोइथिलीन आणि ड्रायक्लीनिंगमधील परक्लोरोइथिलीन या क्लोरीनयुक्त द्रावकांबाबत हे विधान अर्धेच खरे आहे. आणि उरलेल्या अर्ध्या भागाचा संबंध पाणी पिणाऱ्यांच्या जिवाशी आहे.

जमिनीखाली प्राणवायू नसेल आणि सेंद्रिय द्रव्य कुजत असेल, तर त्यातून मिळणाऱ्या हायड्रोजनवर जगणारे काही जिवाणू द्रावकाच्या रेणूतील क्लोरीनचा एकेक अणू काढून टाकतात. परक्लोरोइथिलीनचे ट्रायक्लोरोइथिलीन, त्याचे डायक्लोरोइथिलीन, मग व्हिनाइल क्लोराइड आणि शेवटी निरुपद्रवी इथिलीन, असा हा क्रम आहे. तो इथिलीनपर्यंत नेणारा डीहॅलोकॉकॉइडिस हा जिवाणू कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी वेगळा केला आणि १९९७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. अमेरिकेतील सेंट जोसेफ येथे मिशिगन सरोवराकडे सरकणाऱ्या दूषित भूजलात तर ही क्रिया निसर्गतः होत असल्याचे त्याआधीच आढळले होते. निसर्गाचे हे सामर्थ्य खरोखर थक्क करणारे आहे.

मात्र योग्य जिवाणू नसले किंवा सेंद्रिय द्रव्य संपले, तर ही साखळी मध्येच थांबते. व्हिनाइल क्लोराइड हे माणसात कर्करोग घडवणारे म्हणून सिद्ध झालेले द्रव्य असून अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम, म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीनच्या ५ मायक्रोग्रॅमपेक्षाही कडक आहे. नॉर्थ कॅरोलायनातील कॅम्प लेज्युन या लष्करी तळावर ड्रायक्लीनिंगच्या दुकानातून झिरपलेले परक्लोरोइथिलीन विहिरींत उतरले, भूगर्भात त्याचे अंशतः विघटन झाले आणि सैनिकांच्या कुटुंबांना पुरवल्या जाणाऱ्या पाण्यात व्हिनाइल क्लोराइडही आले. तेथे विघटन झाले होते. पाणी सुरक्षित झाले नव्हते.

म्हणूनच मूळ द्रावकाचे प्रमाण घटले एवढ्यावरून शुद्धीचा दाखला देता येत नाही, कारण केवळ पाणी मिसळून विरळ झाल्यानेही ते घटते. निरीक्षण विहिरींत मूळ द्रावकाबरोबर त्यापासून बनलेले प्रत्येक द्रव्य आणि इथिलीन वर्षानुवर्षे मोजावे लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९९ च्या निर्देशांत नैसर्गिक विघटनावर विसंबणे म्हणजे काहीच न करणे नव्हे, असे बजावून दूषणाच्या उगमावर नियंत्रण आणि दीर्घकालीन देखरेख यांवर भर दिला आहे.

महाराष्ट्रात तर अधिकच सावध राहायला हवे. हे द्रावक पाण्यापेक्षा जड असल्याने खाली उतरतात. आपल्या बेसाल्टमध्ये पाणी मुख्यतः भेगा-फटींतून आणि झिजलेल्या थरांतून वाहते, त्यामुळे जड द्रव कोणत्या फटीत साचला आहे हे शोधणे कठीण जाते आणि तो तेथून वर्षानुवर्षे विरघळत राहू शकतो. वाळूच्या थरांतील परदेशी अनुभव येथे जसाच्या तसा लागू करणे मला धोक्याचे वाटते.

एखाद्या औद्योगिक वसाहतीजवळ अशा द्रावकांचे दूषण आढळले आणि नैसर्गिक विघटनाचा दावा करण्यात आला, तर संबंधित यंत्रणेने सर्व निरीक्षण विहिरींचे आकडे ग्रामपंचायतीत मराठीतून लावावेत आणि ते सलगपणे मर्यादेच्या आत येईपर्यंत त्या पाण्यावर अवलंबून असलेल्या वस्तीला दुसऱ्या सुरक्षित स्रोताचे पाणी द्यावे.

आपला,
भूशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, नाशिक