मायनर ओटीतल्या सिस्टरांना

नमस्कार सिस्टर,

तुमचं नाव इथे घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, येणाऱ्या पेशंटच्या सोबतीला असणारे आम्ही सगळे मिळून हे लिहितोय.

आमच्यातल्या एका पेशंटच्या मानेतल्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढायचा होता आणि ट्रेमध्ये फॉर्मालिनची, म्हणजे तुकडा टिकवायच्या रसायनाची, एकच बाटली होती. तुम्ही विचारलंत, "सर, सीबीनॅटला पण पाठवायचंय ना? मग अर्धा सलाइनमध्ये ठेवते." आणि निर्जंतुक डबीत, तुकडा जेमतेम बुडेल एवढंच सलाइन ओतलंत.

या एका वाक्याचं मोल फार आहे. सीबीनॅट म्हणजे टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी मशीनवरची तपासणी, आणि कल्चर म्हणजे जंतू वाढवून पाहणं. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, म्हणजे कल्चर गेलं. सीबीनॅटचाही भरवसा राहत नाही. मागे उरतो बायोप्सीचा रिपोर्ट. पण सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) 200 च्या खाली गेलेल्या माणसात ग्रॅन्युलोमा, म्हणजे टीबीची खूण असलेले पेशींचे पुंजके, धड तयारच होत नाहीत, त्यामुळे तोही 'टीबी असू शकेल' एवढ्यावर थांबतो. सलाइनमधल्या अर्ध्या तुकड्यानं टीबी दाखवला, शिवाय टीबीच्या मुख्य औषधाला, रिफाम्पिसिनला, रेझिस्टन्स नाही हेही. सीबीनॅट निगेटिव्ह आलं असतं, तरी 42 दिवसांच्या कल्चरची आशा होती.

त्याआधी काय चाललं होतं? थुंकी निगेटिव्ह, छातीचा फोटो स्वच्छ, मॉन्टू (टीबीसाठी कातडीत सुई देऊन करतात ती टेस्ट) सपाट. म्हणून 'टीबी नाही', आणि अँटिबायोटिकचा कोर्स. अहो, प्रतिकारशक्तीच नाही तर मॉन्टू उठणार कशी? टीबी मानेत आणि शोध थुंकीत! मऊ पडलेल्या गाठीला चिरा देऊन पू काढू म्हणणारेही भेटले. तशी जखम महिनोन्‌महिने वाहत राहते. पू काढायचाच तर सुईनं, तीही बाजूच्या चांगल्या कातडीतून घालून.

ड्रेसिंग करताना तुम्ही हळू आवाजात आणखी दोन गोष्टी सांगितल्यात. एआरटी सुरू झाल्यावर गाठ आधी फुगू शकते. तेव्हा डॉक्टरांना दाखवा, पण गोळ्या सोडू नका. आणि रिफाम्पिसिन चालू असेतो एचआयव्हीचं औषध डोल्युटेग्रॅव्हिर 50 मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा लागतं, तेव्हा संध्याकाळची गोळी सेंटरवर मागून घ्या. पडद्यापलीकडे कुणाला एचआयव्ही हा शब्दही ऐकू गेला नाही. माणुसकी अशीही असते, बिनबोभाट.

एक विनंती आहे. फॉर्मालिनच्या कपाटावर 'सीबीनॅट, कल्चर: फक्त सलाइन' अशी चिठ्ठी तुमच्या अक्षरात लिहून द्याल का? झेरॉक्स काढून बाकीच्या ओटींत आम्ही पोचवू.

तुमचे,
सेंटरवरचे सगळे