बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

गोथेनबर्ग, स्वीडन

ती. आई-बाबा,
सा. न.

"तू तिथे नक्की करतेस तरी काय?" हे बाबा, तुम्ही परवा विचारलंत. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहितेय.

बाबा, आपल्या जिन्याला तुम्ही बसवलेले दोन स्विच आठवा. खालचा दाबला की दिवा लागतो, वरचा दाबला तरी लागतो, दोन्ही दाबले की विझतो. आमच्या भाषेत हे एक्सऑर गेट. हेच काम आम्ही वायरीशिवाय, एका रेणूकडून करून घेतो. दाबायचं ते प्रकाशाने आणि उत्तरही प्रकाशातच वाचायचं. एका रंगाचा प्रकाश पडला की रेणूची रचना बदलते, दुसऱ्या रंगाने ती पूर्ववत होते. २०११ मध्ये इथल्या चामर्स विद्यापीठाने आणि अमेरिकेतल्या अॅरिझोना स्टेट विद्यापीठाने असे तीन भाग जोडून एक रेणू केला. तो एक्सऑर करतो, एक अधिक एकही करतो, शिवाय वजाबाकी.

आई, ही विद्या तुझ्या तुळशीची. पानातलं हरितद्रव्य प्रकाश टिपतं, ऊर्जा शेजाऱ्याकडे सरकवतं आणि शेवटी एक इलेक्ट्रॉन उडी मारतो. तो लगेच माघारी येऊ नये, यातच सगळी करामत. अॅरिझोनाचे डेव्हन्स गस्ट आणि टॉमस व आना मूर हे जोडपं कित्येक वर्षं कृत्रिम रेणूंत तेच साधत आले. ऊन फार झालं की पान जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात टाकून देतं. २००८ मध्ये त्यांच्या गटाने प्रखर प्रकाशात आपोआप हात आखडता घेणारा रेणूही केला. मला तोच सगळ्यात आवडतो. बेरीज काय, कॅल्क्युलेटरही करतो!

यातून कॉम्प्युटर होईल का? मला नाही वाटत. एका रेणूचं उत्तर पुढच्या रेणूपर्यंत पोचवणंच महाकठीण. पण वायर जाणार नाही तिथे रेणू जातो. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले ए. प्रसन्न डिसिल्वा मूळचे श्रीलंकेचे. आम्ल आणि सोडियम दोन्ही असतील तरच चमकणारा रेणू त्यांनी १९९३ मध्ये दाखवला. त्यांच्याच पद्धतीचे रेणू वापरून रक्तातलं सोडियम-पोटॅशियम मोजणारी यंत्रं पुढे दवाखान्यांत आली.

सोडियमवरून आठवलं. बाबा, मागच्या वेळी तुमचं कमी आलं होतं ना? पुन्हा तपासलंत की रिपोर्टचा फोटो पाठवा. आणि मीठ-पाणी किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा, कट्ट्यावरच्या मंडळींना नको.

तुमची,
छकुली