‘प्रिय एआ-नासिर’ नव्हे!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘जगातलं सर्वांत जुनं तक्रारपत्र’ छापलंत, बरं वाटलं. हलकं तांबं गळ्यात मारणाऱ्या एआ-नासिरला नन्नी या गिऱ्हाइकानं चांगलंच झापलंय. आजच्या इराकमधल्या प्राचीन ऊर शहरातली, इ.स.पू. १७५० च्या सुमाराची, जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर उंचीची ती मातीची पाटी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पण तुमच्या भाषांतराची सुरुवात ‘प्रिय एआ-नासिर’ अशी आहे, आणि तिथंच मी अडखळलो. भांडायला निघालेला माणूस कशाला ‘प्रिय’ म्हणेल? तिकडच्या त्या काळच्या अक्कादी भाषेतली मूळ ओळ अशी: ‘अना एआ-नासिर किबी-मा, उम्मा नन्नी-मा.’ म्हणजे, ‘एआ-नासिरला सांग, नन्नी असं म्हणतो’.

यातलं ‘सांग’ एआ-नासिरला उद्देशून नाही. ते आहे पाटी वाचून दाखवणाऱ्याला. मी कोकणात पोस्टमन होतो. मुंबईच्या मुलाचं पत्र आलं की म्हातारी म्हणायची, ‘वाच रे बाबा, काय म्हणतो तो?’ मग मीही ‘तो म्हणतो की...’ अशीच सुरुवात करायचो. नाहीतर पुढची ‘तू मला कळवलं का नाहीस?’ ही चिडचिड माझ्या नावावर जमा व्हायची! तुमच्या भाषांतरानं हा मधला माणूसच गाळून टाकलाय.

‘किबी’ हे ‘कबू’ या धातूचं आज्ञार्थी रूप. (यातला ‘क’ घशातून, उर्दू ‘कलम’मधल्यासारखा.) सांगणं, म्हणणं हे अर्थ तर आहेतच, राजाच्या तोंडी आला की तोच धातू हुकूम सोडतो. या धातूचं मूळ तीन व्यंजनांचं, त्यातलं शेवटचं दुबळं, ते झिजलं म्हणून शेवटी दीर्घ स्वर राहिला. ‘इक्बी’ म्हणजे तो म्हणाला. मधला ‘ब’ दुप्पट केला की ‘इकब्बी’, तो म्हणतो किंवा म्हणेल. आत ‘त’ घुसवला की ‘इक्तबी’, म्हणालाय. पुरुष बदलतो तो आरंभी: अक्बी मी, तक्बी तू, निक्बी आम्ही. गंमत म्हणजे बाबिलोनी या अक्कादीच्या बोलीत ‘तो म्हणाला’ आणि ‘ती म्हणाली’ दोन्ही ‘इक्बी’च, पण समोरची बाई असेल तर ‘तक्बी’चा शेवट लांबतो.

त्याच पाटीत पुढे नन्नी म्हणतो ‘तक्बिअम्’, म्हणजे तू मला म्हणालास, चांगल्या लगडी देईन म्हणून. शेवटच्या ‘अम्’मध्ये ‘माझ्याकडे’ आलं. प्रत्यक्षात मात्र निरोप्यापुढे टाकाऊ माल ठेवून एआ-नासिर म्हणाला, ‘घ्यायचं तर घ्या, नाहीतर चालते व्हा.’ नन्नीचा राग तांब्याइतकाच या बोलण्यावर आहे.

ही सुरुवात एकट्या नन्नीची नव्हे. मारी या प्राचीन शहराच्या (आजच्या सीरियात) राजाला अधिकारी असंच लिहीत, आणि इजिप्तमध्ये अमार्ना इथं सापडलेल्या, इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या राजांच्या पत्रांतही ‘किबी-मा’ आहे. सुमेरी या तिथल्याच आणखी जुन्या भाषेतही असाच मायना होता, आणि त्या ‘त्याला सांग’वरूनच अक्कादीत पत्राला ‘उन्नेदुक्कु’ हा शब्द आला.

जाता जाता ‘दबाबु’बद्दल. हाही बोलण्याचाच धातू, पण तक्रार करणं, फिर्याद लावणं इथपर्यंत जातो. आपणही ‘बोल लावतो’च की! कोर्टातला विरोधी पक्षकार म्हणजे ‘बेल दबाबी’, आणि आरामाईक या नंतरच्या भाषेत तोच शब्द शत्रू या अर्थानं गेला.

कुणाला पडताळायचं असेल तर शिकागो विद्यापीठाच्या अक्कादी कोशाचा ‘क्यू’ खंड (१९८२) इंटरनेटवर फुकट मिळतो. ‘कबू’ची नोंद वाचायला निवांत दुपार हवी. पुरवणीच्या पुढच्या अंकात तेवढी पहिली ओळ दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन, रत्नागिरी जिल्हा