बंबाची घंटा

गिल्डफर्ड, इंग्लंड, रविवार रात्र

प्रिय विन्या,

आज इथल्या एका मेळ्यात १९२०च्या दशकातला डेनिसचा आगीचा बंब पाहिला आणि पहिली आठवण तुझ्या बाबांची झाली. शाळा सुटली की आपण भायखळ्याच्या बंबखान्यासमोर त्यांची वाट बघत उभे राहायचो, आठवतं?

डेनिस बंधूंची कंपनी याच गावची. १९०१ साली मोटारींसाठी बांधलेला त्यांचा विटांचा कारखाना अजून उभा आहे. पहिला बंब त्यांनी १९०८ साली ब्रॅडफर्ड शहराला दिला. त्याला पिस्टनऐवजी टर्बाइनचा, म्हणजे फिरत्या पात्यांचा पंप होता. पिस्टन धक्के देत पाणी फेकायचा, टर्बाइनची धार सलग. होजचं तोंड एकदम बंद केलं तरी होज फाटत नसे आणि गढूळ पाण्याचंही वावडं नसे. मला हे फार मोठं काम वाटतं.

त्याआधीचे लंडनच्या मेरीवेदर कंपनीचे वाफेचे बंब घोडे ओढायचे. त्यांचा उभा बॉयलर, खाली जाळ, वर धुराडं! अगदी तुमच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब. आजी पहाटे चिपाडं घालून पेटवायची तोच.

पण आज मी अडकलो तो बंबाच्या बैठकीपाशी. शिडीखाली दोन्ही बाजूंना लांब बाक, जवान रस्त्याकडे तोंड करून बसणार, पाय फळीवर, हात पितळी दांडीला. वर छप्पर नाही. या रचनेला ब्रेडवूड म्हणतात. लंडनच्या अग्निशमन दलाचे प्रमुख जेम्स ब्रेडवूड १८६१ साली टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत कोसळून गेले, त्यांचं नाव. भरधाव वळणावर माणसं खाली पडायची, म्हणून १९३०च्या दशकात बंद बांधणीचे बंब येऊ लागले. मला मात्र तो उघडाच देखणा वाटला, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. आपल्या गोदीतल्या १४ एप्रिल १९४४च्या स्फोटात गेलेले ६६ जवान डोळ्यांपुढे आले.

मालकाने मला घंटा वाजवू दिली. विन्या, काय खणखणीत आवाज तो! आताचा भोंगा नुसता कान फाडतो. डेनिसने २००७ साली बंब बांधणंच थांबवलं.

बाबांना एक विचारशील? ते भरतीला गेले तेव्हा एखादा उघडा बंब चालू होता का? आणि असलाच, तर वळणावर ते कुठे धरायचे? त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव. सावकाश सांगू देत, मध्येच तोडू नकोस.

तुझाच,
शिऱ्या