टायग्याला शेतावर सोडू नका

आई-बाबा,

काल फोन ठेवल्यापासून कामात लक्ष नाही. टायग्यानं गादी फाडली, तुळशीपाशी खड्डा केला, आता चपलेचा दुसरा जोड गेला म्हणून बाबा म्हणाले शेतावर नेऊन सोडतो त्याला. बाबा, तुमचा राग खरा आहे, पण एवढं वाचा अन् मग ठरवा, फोनवर बोलायला गेले की मला रडू येतं म्हणून लिहायलेय.

तो मुद्दाम नाही करत. कारवानी कुत्रा आहे तो, आपल्या लातूर भागात ही जात लोकांनी सशामागं पळायला सांभाळली, लांबून नजरेनं हेरायचं अन् सुसाट सुटायचं हेच अंगात, आणि आपण त्या आठ महिन्याच्या पोराला दिवसभर जिन्याखाली साखळीला बांधतोय. मग तोंडाला जे घावेल ते फाडणारच की. बाबा, तुम्ही रिटायर झालात तेव्हाचे दिवस आठवा, चालू मिक्सर खोलला, चांगले नळ खोलले, आई म्हणायची यांना रिकामं बसवत नाही. टायग्याचं पण तेच आहे, त्याच्याकडं फक्त दात आहेत.

आधी ते मारणं बंद करा प्लीज. चप्पल दुपारी चावली अन् मार संध्याकाळी, त्याला ते जोडताच येत नाही. कान पाडून बसतो ते तुमच्या आवाजाला भिऊन, आपल्याला वाटतं चूक कळली. आणि खेळायला जुनी चप्पल देऊ नका, जुनी कोणती नवी कोणती हे त्याला काय कळणार, सगळ्या वर कपाटात ठेवा.

गुडघ्यामुळं लांब चालवत नाही ना, नका चालू. सकाळी सातच्या आत किल्ल्याच्या रस्त्यानं पंधरा-वीस मिनिटं न्या पण हुंगू द्या, प्रत्येक खांबाला थांबतो म्हणून ओढू नका, हुंगण्यानं त्याचं डोकं दमतं अन् घरी येऊन झोपतो. नंतर नको, आपल्याकडचं ऊन माहीत आहे, डांबरावर उलटा हात सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पाय भाजणारच. संध्याकाळी गेट लावून अंगणात खुर्चीवर बसा, काठीला दोरी अन् दोरीला फडकं बांधून जमिनीलगत गोल फिरवा, तो पळेल, तुम्ही बसूनच. उंच उड्या नको, हाडं कोवळी आहेत अजून. आणि मधून मधून फडकं घावू द्या त्याला, नुसतं हुलकावलं तर चिडतो.

खड्डा तो गारव्यासाठी पण करतो, बोअरपाशी ओल्या मातीचा एक कोपरा त्याचा करून टाका, तिथं उकरू दे.

आई, त्याची भाकरी ताटात नको देऊ. तुकडे करून जुन्या टॉवेलात गुंडाळ, सैल गाठ मार, अर्धा तास शोधत बसेल, फक्त टॉवेल खात नाही ना ते बघत राहा. दुपारी बिनमिठाचं पातळ ताक वाटीत गोठवून दे, चाटत बसतो. चावायला गाजर चालतं. पण आता केशर आंबे सुरू होतील, कोय अजिबात नको अन् मक्याचं कणीस पण नको, आतड्यात अडकतं, ऑपरेशन करावं लागतं. कांदा-लसणाची आमटी भाकरीवर घालतेस ती बंद कर, कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुके पण नको.

एक गोष्ट वेगळी आहे. तुम्ही लग्नाला गेलता तेव्हा त्यानं फक्त दार ओरबाडलं होतं, खाली लाळेचं थारोळं होतं, तो कंटाळा नाही, एकटं राहायची भीती आहे. आधी दोन मिनिटं बाहेर जाऊन या, मग पाच, मग दहा, हळूहळू वाढवा. तरी नाही जमलं तर उदगीरला आपलं जनावरांचं कॉलेज आहेच, तिथं दाखवू.

पंधरा दिवस द्या बाबा. शेतावर रात्री कोण बघणार त्याला? मी पुढच्या महिन्यात येतेच, येताना चप्पल आणते, तुमचा नंबर आठच ना?

तुमची,
ताई