विषय: तुमच्या पुस्तिकेतलं मीठ आणि 'भांडं नीट घासा' हे उत्तर

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,

आज सकाळी तुमच्या माणसाशी पाचव्यांदा बोलले. आता लेखीच घ्या.

यंत्र तुमचंच आहे, चांदीचं कोलॉइड (चांदीचे अतिसूक्ष्म कण तरंगणारं पाणी) बनवायचं, जास्त वर्णन करत नाही. पुस्तिकेत लिहिलंय तसं पाव लिटर डिस्टिल्ड पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं, चांदीच्या तारा सोडल्या, तीन बॅटऱ्या जोडल्या. थोड्याच वेळात पाणी दुधासारखं पांढरं. खिडकीत ठेवलं तर जांभळट-करडं पडलं. हे कोलॉइड नव्हे, हा मिठामुळे झालेला सिल्व्हर क्लोराइडचा साका. दुसऱ्या दिवशी मीठ न घालता केलं. वेळ लागला, पण पाणी नितळ राहिलं आणि अंधारात टॉर्च मारल्यावर प्रकाशाचा पट्टा आरपार दिसला, कोलॉइडची खूण हीच. वाडीतल्या मुलांना सुट्टीत तेवढंच दाखवायचं म्हणून यंत्र घेतलं होतं.

हे सगळं ऐकून तुमचा फोनवरचा मुलगा म्हणाला, "काकू, तुम्ही कोकणातल्या ना? तिकडची हवाच खारट. भांडं नीट घासत नसाल." मी सांगितलं, साबण लावत नाही, गरम पाण्याने धुते, मग दोनदा डिस्टिल्ड पाण्याने विसळून उपडं घालते, फडकंसुद्धा लावत नाही. विहिरीचं पाणी तर भांड्याला लागूच देत नाही, आमची विहीर खाडीलगत आहे. त्यावर म्हणाला, "मग घासणी बदलून बघा." आणि हसला. फोनवर हसलेलं ऐकू येतं.

वेंगुर्ल्याच्या शाळेत २६ वर्षं मी प्रयोगशाळा परिचर होते. चंचुपात्रं, परीक्षानळ्या, ब्युरेट धुण्यात आयुष्य गेलं. मला घासणी बदलायला सांगता? मीठ घालायला तुम्ही सांगितलंत, आणि खारट म्हणे आमची हवा!

आता तारा. खोक्यावर ९९.९९ टक्के छापलंय. प्रत्येक वेळी काळा थर मऊ कागदाने पुसून तारा कोरड्या ठेवते. तरी पाण्यात बुडणाऱ्या भागावर हिरवट-निळा कळंक धरतो. चांदी काळी पडते, कळकतं ते तांबं. सावंतवाडीच्या सोनारानेही कस लावून भेसळ असल्याचं सांगितलं. तारांना बॅटरी जोडणाऱ्या चिमट्यांची सबब नको, ते पाण्याबाहेर असतात.

खोक्यातल्या पत्रकात 'मधुमेहावर रोज दोन चमचे' लिहिलंय, त्याची मला सगळ्यात जास्त चीड आली. हे चांदीचं पाणी पोटात घेत राहिलं तर चांदी अंगात साठते आणि कातडी कायमची निळसर-राखाडी होते, त्याला अर्जिरिया म्हणतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ सालीच अशा औषधांना सुरक्षित वा गुणकारी मानायला नकार दिला. आपल्याकडेही मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने बंद आहे. शेजारच्या आजींनी पत्रक वाचून वाटी पुढे केली होती. मी दिलं नाही. दुसऱ्या कोणी दिलं असतं तर?

पंधरा दिवसांत पैसे परत करा, मिठाची ओळ आणि ते पत्रक काढून टाका. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहते तिथेच दावा लावता येतो, तुमच्या शहरात खेटे घालायला नकोत.

आणि घासणीबद्दल त्या मुलाने मला स्वतः फोन करून माफी मागावी.

तुमची ग्राहक,
तालुका वेंगुर्ले, जिल्हा सिंधुदुर्ग